सोनवणे सर पीत नव्हते

सर गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आमच्या विहाराचे अध्यक्ष खरात काका बोलायला उभे राहिले. माईकवर टिचकी मारून पाहिली, घसा साफ केला आणि म्हणाले, "एक सवय सोडली, तर सोनवणे सरांसारखा माणूस आपल्या वसाहतीत दुसरा झाला नाही."

एक सवय सोडली तर!

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी चिडलं नाही, कुणी उठून विचारलं नाही की काका, कुठली सवय? गेलेल्या माणसाला माफ करून टाकलं की माफ करणाऱ्याला फार बरं वाटतं. तसं बरं वाटणं त्या हॉलमध्ये पंख्याच्या वाऱ्यासारखं फिरत होतं. पहिल्या रांगेत सरांच्या बायको, आमच्या लताकाकू, मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच ठरलं की हे लिहायचं.

तर पहिला मुद्दा पहिल्यांदा. मधुकर सोनवणे, मानखुर्दच्या पालिका शाळेतले मराठीचे शिक्षक, आयुष्यात कधी दारूच्या थेंबालाही शिवले नाहीत.

हे वाक्य सरांनी तपासलं असतं तर त्यातलं 'आयुष्यात' गेलं असतं, 'कधी' गेलं असतं आणि 'थेंब' तर नक्कीच गेला असता. "तू चोवीस तास माझ्या मागे होतीस काय गं? नव्हतीस ना? मग जेवढं माहीत आहे तेवढंच लिही." बरं सर. सोनवणे सर पीत नव्हते.

मी आठवीत असताना ते आम्हाला मराठी शिकवायला आले. पांढरा शर्ट, तोही घरी स्वतः इस्त्री केलेला, बाहीची घडी अशी की तिने कागद कापावा. चालणं एवढं भरभर की मधल्या सुट्टीत त्यांच्याशी बोलायचं तर पळावं लागायचं. निबंध त्यांना आवडत नसत. 'माझा आवडता ऋतू' हा विषय पुस्तकात आला की ते पान उलटायचे. "ऋतू तुमच्या आवडीवर येत नाही. तक्रार लिहा." मग आम्ही तक्रार लिहायला शिकलो. शाळेच्या मुतारीतला नळ गळत होता, त्याबद्दल सगळ्या वर्गाने अर्ज लिहिले. सरांनी त्यातला एक निवडला आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन दिला. माणूस आला, नळ दुरुस्त झाला. तो अर्ज माझा होता. नळ सुधारला आणि मी बिघडले, असं माझी आई अजून म्हणते.

कॉलेजात गेल्यावर मी पत्रकं काढायला लागले. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, कचऱ्याच्या डंपिंगच्या धुराचं पत्रक. प्रत्येक पत्रक छापायला टाकण्याआधी सरांच्या घरी जायचं. सर चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि निळ्या पेनाने विशेषणं मारत जायचे. 'निर्लज्ज' गेलं. 'मुर्दाड' गेलं. 'रक्तपिपासू' दिसलं की आत हाक, "अगं ऐकलंस का, आपली पत्रकवाली आली, पुन्हा रक्त सांडलंय."

काकू आतून म्हणायच्या, "सांडू दे. चहा सांडू नका म्हणजे झालं."

मी भांडायचे. "सर, राग यायला नको वाचणाऱ्याला?"

"राग त्याला त्याचा येऊ दे. तू आपला उष्टा राग वाढू नकोस."

हे वाक्य मी नंतर किती जणांना सुनावलंय! पण स्वतः अजून शिकलेले नाही. या लिखाणातही तुम्हाला ते दिसेलच.

रविवारी सकाळी सर विहारात त्रिशरण-पंचशील द्यायचे. म्हणजे समोर मेणबत्ती आणि फुलं, पुढे सर उभे, मागे आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून. सर एकेक ओळ म्हणणार, आम्ही मागून म्हणणार. आमच्याकडे हे काम कुणालाही देत नाहीत. जो पाच शीलं देतो त्याने ती पाळलेली असावीत, एवढी साधी अट असते. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना सर जरा थांबायचे आणि वळून मागच्या रांगेकडे बघायचे. शनिवारच्या रात्रीचा वास ज्यांच्या तोंडाला अजून येत असायचा, ते चपलांकडे बघायचे. सरांचा तो थांबा वसाहतीत प्रसिद्ध होता. बायका घरी नवऱ्याला म्हणायच्या, "उद्या सर थांबणारेत, लक्षात ठेव."

मग सर आजारी पडले. हर्नियाचं ऑपरेशन, नाशिकला बहिणीकडे राहून करतोय, असं कळलं. बरेच महिने दिसले नाहीत. शाळेत बिनपगारी रजा. परत आले तेव्हा शर्ट तोच, इस्त्री तीच, पण कॉलर मानेभोवती ढिली. आणि चाल बदललेली. पाय फाकवून, बोटीवर चालावं तसं. डावा हात कायम भिंतीला. गल्लीत भिंत संपली की हात पार्क केलेल्या रिक्षाला, रिक्षा संपली की दुकानाच्या शटरला. रस्त्यात समोरून ओळखीचं कुणी आलं, तर सर सरळ बघत पुढे निघून जायचे. हाक मारली की थांबायचे, दोन क्षण डोळे रोखायचे, मग म्हणायचे, "अरे तू होय!"

लोक बोलायला लागले. आधी म्हणाले, सरांना गर्व झाला. मग संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास कुणीतरी त्यांना नाल्याच्या कठड्यावर झोकांड्या खाताना पाहिलं. मग गर्व मागे पडला आणि दुसरं कारण सापडलं, फार सोपं, फार हातातलं. कोपऱ्यावर कॅरम खेळणारी पोरं, सरांच्याच वर्गातून गेलेली, ती ओरडायची, "सर, आज देशी की इंग्लिश?"

सर थांबायचे. भिंतीला हात धरून वळायचे. "व्याकरण चुकलं. देशीच्या उलट विदेशी." आणि पुढे जायचे.

पोरं खिदळायची. मला वाटायचं, सर, शिवी घाला ना यार! पण सर शिवी देत नव्हते, त्याला इलाज नव्हता.

चक्कर येते, एवढं त्यांनी घरात कबूल केलं होतं. आणि चक्कर येते म्हटलं की आपल्याकडे काय होतं, हे लिहायला वेगळं पत्रक लागेल. शेजारीण कांदा फोडून हुंगायला देते. दुसरी म्हणते पित्त आहे, तिसरी म्हणते दृष्ट. गल्लीतला डॉक्टर नाडीसुद्धा न धरता म्हणतो अशक्तपणा, आणि सलाईन लावतो. सलाईनने नाही गेलं की मानेच्या मणक्याचा त्रास. सरांच्या गळ्यात पट्टा आला. शर्टाच्या कडक कॉलरवर तो फुगीर पट्टा, आणि त्यावर सरांचं ते डोकं, ना इकडे वळत, ना तिकडे.

"कसा दिसतो मी?" त्यांनी मला विचारलं.

"शो-पीससारखे, सर."

"कुंडीतला निवडुंग म्हण. प्रतिमा नेमकी पाहिजे."

शिवाय चक्करची गोळी. रोज सकाळ-संध्याकाळ, बंद कधी करायची ते कुणी सांगितलेलं नाही. गोळी घेतली की सर दिवसभर पेंगायचे. पेंगणारा, झोकांड्या खाणारा, ओळख न देणारा माणूस. पुरावा पूर्ण झाला!

त्यानंतर तो रविवार. मी तिसऱ्या रांगेत होते. सर पुढे उभे राहिले, आमच्याकडे पाठ, मूर्तीकडे तोंड. हात जोडले, डोळे मिटले आणि पहिली ओळ सुरू केली. ओळ पुरी झाली नाही. सर आधी पुढे झुकले, मग मागे, जसं कुणी खालची सतरंजी हळूच ओढतंय, आणि एकदम डाव्या अंगावर कोसळले. मेणबत्तीचा स्टँड आडवा, फुलांचं ताट आडवं, मेण सरांच्या बाहीवर. दोघांनी उचललं. सर म्हणाले, "काही नाही, काही नाही. मी म्हणतो पुढे." खरात काका जवळ गेले आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी वाकून सरांच्या तोंडाचा वास घेतला.

सरांनीही ते पाहिलं.

वास आला नाही. पण त्याने काय होतं? "आजकाल वास न येणारी पण मिळते," असं कुणीतरी म्हणालं. त्याच आठवड्यात खरात काका सरांच्या घरी गेले. मी तिथेच होते. काका वाईट माणूस नाहीत, हे मला लिहावं लागतंय, कारण ते खरं आहे. बँकेत जन्म गेला, देणगीचा रुपया इकडचा तिकडे केला नाही. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, जरा नवीन पोरांना संधी देऊ या. तुम्ही किती वर्षं एकट्याने करणार?"

"स्पष्ट बोला, काका."

"स्पष्ट काय... पाचवं शील देणाऱ्याबद्दल लोकांच्या मनात शंका नको. एवढंच."

"तुमच्या मनात आहे?"

काकांनी चहाचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "माझ्या भावाला होती सवय. मला माहितेय, सुटत नाही सहजी. मी समजू शकतो."

 सरांनी मान हलवली, तीही पट्ट्यामुळे नीट हलली नाही. काका गेल्यावर मी उसळले. "सर, सांगत का नाही यांना? तुम्ही पीत नाही, हे ओरडून सांगा!"

"आणि पडतो कशाने, ते काय सांगू?"

मला वाटलं, त्यांना खरंच माहीत नाही. अर्धं खरं होतं ते.

शेवटी काकूंनी आणि मी मिळून त्यांना एका मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होती, वयाने फार तर माझ्याएवढी, केस कसेबसे बांधलेले, टेबलावर अर्धा वडापाव. तिने फाइल बाजूला सारली. "चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगा. खोली गोल फिरते? डोळ्यांपुढे अंधारी येते? की तोल जातो?"

सर मराठीचे मास्तर. त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तरी त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. ते सावरून बसले. "फिरत काही नाही. अंधारी नाही. बसलो की उत्तम असतो. उभा राहून चालायला लागलो की तोल नाही. आणि चालताना दुकानांच्या पाट्या उड्या मारतात, अक्षरं वाचता येत नाहीत. माणसांचे चेहरेही. थांबलो की स्थिर."

"अंधारात?"

"अंधारात वाट लागते."

मी त्यांच्या तोंडून हा वाक्प्रचार पहिल्यांदाच ऐकला.

डॉक्टरने त्यांना मधोमध उभं केलं, पाय जुळवून. स्वतः अगदी जवळ उभी राहिली. "आता डोळे मिटा." सरांनी मिटले आणि झाडासारखे कलले. तिने झेललं. मग खुर्चीत बसवून डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघा म्हणाली, आणि झटकन डोकं एका बाजूला वळवलं. सरांचे डोळे नाकावरून सुटले आणि उडी मारून परत आले. दुसऱ्या बाजूलाही तेच. तिने पट्टा काढून टेबलावर ठेवला. "मान चांगली आहे तुमची. हा कशाला?"

मग तिने समजावलं. माणूस उभा राहतो तो तिघांच्या जिवावर. डोळे, पाय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग. डोकं हललं की तो भाग डोळ्यांना कळवतो, म्हणून चालताना जग स्थिर दिसतं. सरांचा दोन्ही कानांतला तो भाग जवळपास गेलेला होता. मग राहिले डोळे आणि पाय. अंधार झाला, डोळे मिटले, की उरले नुसते पाय.

"तीन दगडांची चूल," सर म्हणाले. "एक दगड गेला."

"हां, तसंच."

"आणि मी प्रार्थनेला डोळे मिटत होतो." सर हसले. काकू हसल्या नाहीत.

डॉक्टरने विचारलं, "इंजेक्शनं कुठली घेतली होती? बरेच दिवस, रोज?"

 सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे. मी उठायला लागले तर सर म्हणाले, "बस." मग डॉक्टरला म्हणाले, "टीबीची. बिघडलेला टीबी होता, नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा."

तर हर्निया नव्हता. नाशिक नव्हतं. सर इथेच होते, मुलुंडला एक खोली भाड्याने घेऊन. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून तिथल्या एका दवाखान्यात रोज जाऊन कंबरेत सुई टोचून घेत होते. आणि ते इंजेक्शन काही जणांचा कान खातं, ऐकण्याचा किंवा तोलाचा. डॉक्टर म्हणाली, आता ती इंजेक्शनं बहुतेक बंद झालीत, गोळ्या आल्यात. म्हणाली, त्याच औषधाने तुमचा जीव वाचला हेही लक्षात ठेवा. मग हळू आवाजात विचारलं, "तेव्हा तोल जायला लागला तर सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगितलं. म्हणाले, अशक्तपणा आहे, अंडी खा."

"मग?"

"मग अंडी खाल्ली."

वेळेत कुणी विचारलं असतं, तर कदाचित औषध बदलता आलं असतं. कदाचित. मी हा शब्द सरांसाठी लिहितेय. माझ्या मनात कदाचित नाही.

गेलेलं परत येणार नव्हतं. पण डॉक्टर म्हणाली, मेंदूला शिकवता येतं. चक्करची गोळी हळूहळू बंद करायची, कारण ती मेंदूला गुंगीत ठेवते आणि गुंगीतला विद्यार्थी शिकत नाही. हे ऐकून सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला हेवाच वाटला. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर ठेवून डोकं उजवीकडे-डावीकडे हलवायचं, अक्षर हलू द्यायचं नाही. गादीवर उभं राहायचं, कुणीतरी शेजारी असताना. अंधारात जायचं नाही. काठी आणि टॉर्च घ्यायची.

काठी सरांनी घेतली नाही, टॉर्च घेतली. भिंतीवर त्यांनी 'ळ' चिकटवला. मी विचारलं, 'अ' का नाही? "'अ' सगळ्यांच्या भिंतीवर असतो. 'ळ'ला कुणी विचारत नाही." रोज सकाळी ते त्या 'ळ'समोर उभे राहून नाही-नाही अशी मान हलवायचे. दाराशी आलेल्या दूधवाल्याला वाटायचं, आज दूध नको. मग काकूंनी त्याला सांगून ठेवलं की सरांकडे बघायचं नाही, पिशवी ठेवून जायचं.

आता तुम्ही म्हणाल, कारण कळलं, मग सांगून टाकायचं. मीही तेच म्हणाले. खरात काकांना जाऊन सांगू, विहारात सांगू, पत्रक काढू. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. प्रज्ञाचं तेव्हा मुलुंडच्या एका घरी जमत आलं होतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, बेवडा म्हणतात ना? म्हणू देत. बेवड्याच्या पोरीचं लग्न होतं. टीबीवाल्याच्या पोरीकडे पाणीसुद्धा पीत नाहीत."

"काकू, सर बरे झालेत. आता कुणाला होणार नाही त्यांच्यापासून."

"ते तुला माहितेय, मला माहितेय. तिकडे जाऊन त्यांना शिकवणार आहेस तू?"

बाहेर सर ऐकत होते. ऐकू व्यवस्थित यायचं त्यांना, नुसती एक बारीक शिट्टी कानात कायम असायची. मी बाहेर आले तर म्हणाले, "तिचं चूक नाही. तुझंही नाही. बस, चहा घे."

मी तरी पत्रक लिहिलंच. नाव न घालता. 'इंजेक्शनने उद्ध्वस्त केलेले संसार!' असा मथळा, खाली दोन पानं आग. सरांनी चष्मा चढवला, निळं पेन काढलं. मथळा गेला. आग गेली. शेवटी राहिलं ते एवढं: टीबीचं औषध चालू असताना चालताना तोल जातो का? अंधारात किंवा डोळे मिटल्यावर पडायला होतं का? कानात आवाज येतो का? असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका.

त्याखाली माझी ओळ होती: 'गप्प बसू नका.' पेन तिथे आलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. मग सरांनी ती ओळ मारली.

"सर, तीच तर महत्त्वाची आहे."

"आहे. पण ती माझ्या हातून नाही जाणार."

पत्रक तसंच छापलं, तसंच वाटलं. कुणाला उपयोग झाला की नाही, मला माहीत नाही. कॅरमवाल्या पोरांनी त्याने बोर्ड पुसला, हे पाहिलं.

प्रज्ञाचं लग्न झालं. लग्नात सर सबंध वेळ खुर्चीत बसून होते, कुणी उठवलं तरी उठले नाहीत. मुलाकडचे म्हणाले, वडील जरा तुसडे दिसतात. मग वसाहतीतून त्यांना खरी बातमी पोचली, म्हणजे खोटी. त्यांनी उदार मनाने पोटात घातली. चालायचंच, आजकाल कोण घेत नाही?

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बिल्डिंगचे दिवे गेले. सर जिन्यात होते. टॉर्च घरी राहिली होती. खुब्याचं हाड मोडलं, मग अंथरूण, मग छातीत कफ, मग संपलं. जिन्यात त्यांना उचलायला आलेल्यांत तीच पोरं होती. त्यांनी फार जपून उचललं, हे काकू आवर्जून सांगतात. आणि उचलताना एक जण म्हणाला, "सांभाळ रे, टाइट आहेत." हे काकू सांगत नाहीत. मला प्रज्ञाने सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर प्रज्ञा मला मंडपाच्या मागे घेऊन गेली. खिचडीच्या पातेल्यांजवळ.

"तू लिही," ती म्हणाली. "टीबी लिही. बाबांचं नाव लिही."

"सासरी काय म्हणतील?"

"सांगितलं मी काल. सासूबाईंना. सगळं."

"मग?"

प्रज्ञा हसल्यासारखं काहीतरी करायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "म्हणाल्या, अगं, मग आधी नाही का सांगायचं? आमच्या थोरल्याला पण झाला होता. आम्ही तुमच्यापासून लपवला. तुम्ही लग्न मोडाल म्हणून."

मी तिथेच एका उपड्या बादलीवर बसले. दोन घरं, एकमेकांच्या भीतीने तोंडाला कुलूप लावून, एकमेकांना हार घालून मोकळी झाली होती. आणि त्यात एक माणूस वर्षानुवर्षं बेवडा म्हणवून घेत भिंती धरून चालला. आता कुणावर ओरडू? इंजेक्शन देऊन न विचारणाऱ्या दवाखान्यावर? ओरडणारच आहे. पट्टा बांधणाऱ्या डॉक्टरवर? त्याच्यावरही. पण खरात काकांवर, काकूंवर, त्या सासूबाईंवर ओरडायला गेलं की सरांचं पेन मध्ये येतं.

काकांना मी हे छापण्याआधी वाचून दाखवलं.  ते म्हणाले, "तो वास घेतल्याचं राहू दे ना." म्हणजे काढून टाक. मी म्हटलं, "ते राहणार, काका." त्यांनी मान खाली घातली. "राहू दे," म्हणाले, आणि या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता.

सरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते जिन्यात पडण्याच्या आधीच्या पौर्णिमेला. विहारात, सकाळी. पंचशील आता एक नवीन मुलगा द्यायचा, चांगला होता, फक्त घाई करायचा. सर सगळ्यात मागे, भिंतीजवळ उभे होते. पांढरा शर्ट, बाहीची घडी. मी त्यांच्या एक रांग पुढे. मुलगा म्हणाला, "हात जोडा, डोळे मिटा." सगळ्या हॉलने मिटले.

मी उघडले आणि मागे वळून पाहिलं.

सर डोळे सताड उघडे ठेवून उभे होते, समोरच्या ज्योतीवर नजर रोवून. पाय जरा फाकलेले. आणि हात भिंतीला नव्हता. दोन्ही हात छातीशी जोडलेले होते. अंगठे थोडे थरथरत होते, पण सर हलत नव्हते. डोळे मिटलेल्या त्या सगळ्या गर्दीत कुणालाच ते दिसत नव्हतं. मुलगा पाचव्या शीलाशी आला आणि न थांबता म्हणून गेला. सर मात्र थांबले, पूर्वी थांबायचे तसे. मग आपली ओळ सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, शेवटपर्यंत म्हणाले. सगळ्यांचं म्हणून झालं होतं. सरांचा एकट्याचा आवाज तेवढा मागे राहिला.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. भुवया वर गेल्या, वर्गात जायच्या तशा. म्हणजे, डोळे मिट.

मी नाही मिटले.